सहावा स्क्रू

मिस्त्रींनी भरलेला अर्ज वाचता वाचता नगरपालिकेच्या खिडकीवरच्या बाईंचा चष्मा नाकाच्या शेंड्यापर्यंत घसरला. अर्ज कबर उघडायच्या परवानगीचा होता. मयताचं नाव, अर्जदाराशी नातं, दफनाची तारीख, कबरीचा क्रमांक, सगळं मिस्त्रींनी सुतारी पेन्सिलीने सुवाच्य लिहिलं होतं. ‘कारण’ या रकान्यात मात्र एकच शब्द होता, दुरुस्ती.

बाईंनी विचारलं, कशाची दुरुस्ती? मिस्त्री म्हणाले, पेटीची. आठ महिन्यांपूर्वी पुरलेल्या पेटीची? हो, तिचीच. झाकणाचा एक स्क्रू जास्त आवळला गेलाय, तो अर्धा फेरा सैल करायचाय, दहा मिनिटांचं काम आहे, पेचकस मी माझा घेऊन येईन. बाईंनी मान वर करून त्यांच्याकडे नीट पाहिलं. थट्टा करणारी माणसं त्या खिडकीवर कमी येत, पण येत. हा चेहरा मात्र कित्येक महिने धड न झोपलेल्या माणसाचा होता, त्यात थट्टेला कुठे जागाच नव्हती.

बाई मनाने वाईट नव्हत्या. त्यांनी आवाज खाली आणून समजावलं की कबर उघडायला या कार्यालयात तीनच कारणं चालतात. पोलीस तपास, दुसऱ्या दफनभूमीत हलवणं, किंवा त्याच घरातलं दुसरं माणूस त्याच कबरीत ठेवणं. दुरुस्ती हे चौथं कारण त्यांनी नोकरीत पहिल्यांदाच ऐकलं होतं. तरी दफनभूमीत कबरी खणणाऱ्या माणसाचं पत्र आणलंत तर साहेबांपुढे ठेवून बघते, असं त्या म्हणाल्या. साहेब काय म्हणतील हे त्यांना पक्कं माहीत होतं, पण एवढ्या थकलेल्या माणसाला आल्या पावली परत पाठवायला त्यांचं मन होईना. बाईंनी अर्ज नोंदवून ठेवून घेतला; मिस्त्रींनी पोचपावतीची चौघडी घातली आणि ती सदऱ्याच्या खिशात पेन्सिलीमागे सरकवली.

आता या स्क्रूची हकीकत सांगायला हवी, नाहीतर मिस्त्रींच्या डोक्यावर परिणाम झालाय असं वाचणाऱ्यालाही वाटेल. त्यांच्या गल्लीत दोघातिघांना तसं वाटू लागलंच होतं.

मिस्त्री शवपेट्या करत. त्यांचे वडील दारंही करत आणि पेट्याही करत. दाराच्या बिजागरीचे स्क्रू वडील कधीच पूर्ण आवळत नसत. अर्धा फेरा बाकी ठेवत. दार चौकटीत बसवणारा माणूस वेगळा असायचा, त्याला थोडं इकडेतिकडे करावं लागतं, त्याचे हात अडू नयेत म्हणून. पुढच्या कारागिराचा विचार करावा, असं ते म्हणत, आणि एवढं बोलून पुन्हा रंध्याला लागत. पेटीच्या झाकणाला सहा स्क्रू, एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला तीन. त्यातले पाच ते गच्च आवळत. सहावा, उजव्या हाताचा डोक्याकडचा, अर्धा फेरा सैल. लहानपणी मिस्त्रींनी एकदा विचारलं होतं की इथे आपल्यामागून कोण येणार आहे? वडिलांनी फळीवरचा भुसा फुंकला आणि म्हणाले, “यायचाय एक.”

रविवारी चर्चमध्ये फादर सांगत की स्वतः सुतार असलेला प्रभू येशू मेलेल्यांतून उठला, तसे त्याच्या हाकेसरशी आपणही शेवटल्या दिवशी उठू. वडिलांच्या कारखान्यात तीच गोष्ट अर्ध्या फेऱ्यात सांगितली जात होती. खरं सांगायचं तर मिस्त्रींना फादरांपेक्षा हा अर्धा फेरा जास्त पटायचा. वडिलांनी उभ्या जन्मात विनाकारण एक खिळासुद्धा मारला नव्हता. ते सैल ठेवतात म्हणजे उठायचं नक्की आहे, आणि त्या दिवशी माणसाला झाकण ढकलायला सोपं जावं म्हणून ही सोय आहे, असा हिशेब पोरवयातल्या मिस्त्रींनी मनाशी लावला. पुढे साठी उलटली तरी तो त्यांनी पुन्हा तपासून पाहिला नाही.

त्यांची बायको पेट्यांना आतून अस्तर शिवायची. पांढरं सुती कापड, कडेने चुण्या, डोक्याशी रंध्याच्या मऊ ढलप्या भरलेली उशी. बाई मोठी बोलकी. घरी कोणी पाहुणा आला की तिचं एक वाक्य ठरलेलं, “आमच्या मालाबद्दल आजवर एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केलेली नाही.” पाहुणा दचकायचा, मग हसायचा. मिस्त्री पस्तीस वर्षं त्याच वाक्याला दरवेळी नव्याने हसत आले.

मग ती आजारी पडली आणि तीन वर्षं आजारी राहिली. त्या तीन वर्षांबद्दल काय सांगणार? हॉस्पिटलचे जिने, औषधांच्या पुड्या, पाठीला होणाऱ्या जखमा, पहाटे उठून बदलायच्या चादरी. मिस्त्री रोज सकाळी तिला टेकून बसवत आणि म्हणत, आठवड्याभरात उठशील बघ. डॉक्टर म्हणत, उठतील. शेजारीण म्हणायची, उठून कामाला लागाल वहिनी. फादर येऊन प्रार्थना करून जात आणि तेही तेच म्हणत. पहिल्या वर्षी मिस्त्रींना त्या शब्दाने धीर यायचा, दुसऱ्या वर्षी तो नुसता कानावरून जायचा, आणि तिसऱ्या वर्षी कोणी ‘उठेल’ म्हणालं की ते चादरी उचलून मोरीकडे निघून जात.

तिने मात्र केव्हाच काय ते ओळखलं होतं. शेवटच्या थंडीत तिने अंथरुणात बसून स्वतःच्या पेटीचं अस्तर शिवायला घेतलं. दोन आठवडे शिवत होती. चुण्या इतक्या बारीक की कोणाच्याच पेटीला तशा कधी घातल्या नव्हत्या. मुलगी रागावली, तर म्हणाली, घरचं काम आहे गं, घाई कशाला करू? आणि धागा दाताने तोडून मिस्त्रींना म्हणाली, “अहो, माझा तो सहावा विसरू नका. नाहीतर मला आतून हाका मारत बसावं लागेल, आणि तुम्हाला तर एका हाकेत कधी ऐकूच येत नाही.”

मिस्त्रींनी शब्द दिला.

दफनाच्या दिवशी चर्चला लागून असलेल्या खोलीत पेटी ठेवली होती. झाकण मिस्त्रींनी स्वतः बसवलं. पाच स्क्रू आवळले. सहाव्याला हात घातला तेव्हा मागून शेजारीण रडत रडत म्हणाली, “उठेल हो ती, आपण सगळेच उठू.” बिचारी मायेनेच म्हणाली होती. पण मिस्त्रींचा हात अर्ध्या फेऱ्यावर थांबला नाही. तो पुढे गेला, आणखी एक फेरा, आणखी एक, स्क्रूचं डोकं लाकडात रुतलं आणि फळी करकरली. ते करकरणं समोर उभ्या असलेल्या मुलीने तेवढं ऐकलं. तिने बापाकडे पाहिलं. बापाने पेचकस खिशात घातला आणि पेटीला खांदा दिला.

त्यांचा विश्वास उडाला होता असं नाही. त्या क्षणी ते इतके दमलेले होते की आता कोणीच उठू नये असं त्यांना वाटलं. पुन्हा उठायचं, पुन्हा आजारी पडायचं, पुन्हा सगळ्यांनी येऊन धीर द्यायचा, हे सगळं आता पुरे. तिला पडू दे आणि मलाही. बस, एवढंच.

तो दमलेपणा चार दिवसांनी थोडा ओसरला आणि आपण काय करून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं. तेव्हापासून आठ महिने ते कारखान्यात करवतीचं मशीन मध्येच बंद करत आणि कान देऊन ऐकत. हाक तर येत नव्हतीच. पण एका हाकेत आपल्याला ऐकू येत नाही, हेही त्यांना माहीत होतं. पेट्या ते करत होते, कारण माणसं मरायची काही थांबली नव्हती. झाकण लावायची वेळ आली की पाच स्क्रू आवळून पेचकस मुलीच्या हातात देत आणि जरा हवेवर जातो म्हणून बाहेर पडत. सहावा ती लावायची. आईचं अस्तराचं कामही आता तीच करत होती. बापलेकीत त्या विषयावर एक अक्षर निघालं नव्हतं. दोघंही मशीन सुरू असताना बोलायला बरं पडेल अशाच गोष्टी बोलत.

फादरांपाशी मिस्त्रींनी एकदा मन मोकळं केलं होतं. फादर म्हणाले, अहो मिस्त्री, देवाचं काम एका स्क्रूवाचून अडतं का? मिस्त्रींनी मान डोलावली. हे त्यांनाही कळत होतं. पण शब्द त्यांनी दिला होता, देवाने नव्हता दिला. ज्याने दिला त्यानेच तो पाळायला हवा, असं त्यांचं सरळ म्हणणं होतं.

म्हणून आता पत्र. कार्यालयातून मिस्त्री थेट दफनभूमीत गेले. दुपारची वेळ होती. तिथे खणणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे पाठीमागे खड्डेकाका म्हणत आणि तोंडावर नुसतं काका. चाळीस वर्षं तो एकच काम करत होता आणि त्याबद्दल त्याची कसलीच कुरकुर नव्हती, कुरकुर असायची ती फक्त कमरेची. उपड्या घातलेल्या ढकलगाडीवर बसून तो चहा पीत होता. मिस्त्रींनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. स्क्रू, शब्द, हाका, रकाना. काका हसला नाही. कप खाली ठेवून म्हणाला, चला, एक दाखवतो.

भिंतीजवळ त्याने सकाळीच एक जुनी कबर उघडली होती. वीस वर्षांपूर्वी नवरा ठेवला होता, आता बायको यायची होती. मिस्त्रींनी वाकून पाहिलं. खाली माती होती. बाजूला एक काळपट ओला पट्टा दिसत होता, बोटाने दाबला तर चुरा व्हावा असा.

“ही पेटी तुमच्या वडिलांच्या हातची,” काका म्हणाला. “या कुंपणाच्या आत सगळ्या तुमच्याच घरच्या.”

मग तो अवजारांच्या खोपटात गेला आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आला. डबा जड होता. आत स्क्रू होते. पितळेचे, मातीने माखलेले, हिरवे पडलेले, शेकड्यांनी. कबर पुन्हा उघडताना हे फावड्याला लागतात, पायात जातात, म्हणून तो गोळा करून ठेवत आला होता. फेकवत नव्हते, कोणाकोणाचे होते ते.

“मिस्त्री, रागावू नका. चांगलं लाकूड असेल तर झाकण पाच-सहा वर्षं टिकतं. साधं असेल तर दोन. स्क्रू तेवढा राहतो, पण त्याने धरून ठेवायला काही राहत नाही. मला हे मातीत असे सुटेच मिळतात. यातला आवळलेला कुठला आणि सैल ठेवलेला कुठला, तुम्ही कारागीर आहात, ओळखून दाखवा.”

मिस्त्रींनी मूठभर स्क्रू हातात घेतले. सवयीने एकेकाचे आटे अंगठ्याने चाचपले. सगळे सारखेच. आधी त्यांना रागच आला. दोन पिढ्यांनी घाम गाळून केलेलं काम या म्हाताऱ्याच्या डब्यात भंगार होऊन पडलं होतं. आणि रागामागोमाग त्याहून वाईट काहीतरी आलं. झाकण राहत नाही, फळी राहत नाही, म्हणजे त्या बारीक चुण्यांचं अस्तरही राहणार नाही. आणि ती? ते तिथेच मातीच्या ढिगावर बसले.

“म्हणजे काहीच उरत नाही, काका. मग उठायचं कोणी? ढकलायचं कोणी?”

“आतून ढकलायचं असतं हे तुम्हाला कोणी सांगितलं?” काकाने विचारलं.

मिस्त्रींनी आठवून पाहिलं. कोणीच सांगितलं नव्हतं.

काका त्यांच्याशेजारी बसला, कमरेला हात लावून, हळूहळू. म्हणाला, “उरत काही नाही, हे माझ्याइतकं कोणी बघितलेलं नाही. म्हणून तर सांगतो. तुम्ही झाकण लावता, मी माती लोटतो. आपण दोघं मिळून बंद करतो, बस. उघडायचं काम आपल्याकडे दिलेलंच नाही.” आणि पुढे म्हणाला, “तरी मी चाळीस वर्षं एकूणएक माणसाचं तोंड उगवतीकडे ठेवतो. कोणी बघायला येत नाही. फूटपट्टी घेऊन तपासत नाही. ज्याला उघडायचंय त्याला सगळी एका दिशेला मिळावीत, एवढंच.”

मिस्त्री हातातल्या स्क्रूंकडे बघत राहिले. वडिलांचा आवाज त्यांना इतक्या वर्षांनी पहिल्यांदा पुरा ऐकू आला. वडील म्हणाले होते, यायचाय एक. आत असलेल्या माणसाबद्दल ते बोललेच नव्हते. बिजागरीचा अर्धा फेरा कधी दारासाठी नव्हता, तसा पेटीचा अर्धा फेरा मेलेल्यासाठी नव्हता. तो पुढच्या कारागिरासाठी होता, बाहेरून येणाऱ्या. आयुष्यभर आपण स्क्रू बरोबर लावत आलो आणि कारण चुकीचं धरून बसलो, हे समजल्यावर मिस्त्रींना हसू आलं, आणि हसता हसता त्यांना रडू कोसळलं. आठ महिन्यांत ते पहिल्यांदा रडत होते. काकाने त्यांना रडू दिलं आणि ढकलगाडीपाशी जाऊन आपला गार झालेला चहा संपवला.

डोळे पुसून झाल्यावर त्यांच्या मनात आलं की गच्च बसलेला स्क्रू काढायला आपल्यालाही कधी जड गेलेलं नाही. गंजलेले, रुतलेले, डोकं गेलेले, कसलेही आपण काढतो. मग जो यायचाय, तो तर आपल्याहून जुना सुतार. बायकोला आतून हाका मारायची गरज नव्हती. तिला हाक ऐकायची होती, आणि तिचे कान मिस्त्रींपेक्षा शंभर पटीने चांगले होते.

पत्र त्यांनी मागितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी ते खिडकीवर गेले आणि अर्ज मागे घेतो म्हणाले. सरकारी काम असल्यामुळे मागे घ्यायलाही एक कागद होता आणि त्यातही ‘कारण’ हा रकाना होता. मिस्त्रींनी पेन्सिलीला टोक काढून लिहिलं, काम पुढच्या कारागिराचं आहे.

बाईंनी वाचलं. त्यांच्या घरी बहुधा नुकतंच काहीतरी दुरुस्तीचं निघालं असावं, कारण त्यांनी मोठ्या अनुभवाने विचारलं, “तारीख दिलीय का त्याने?”

“नाही. येतो म्हणालाय.”

“सगळे असंच म्हणतात हो.”

“म्हणतात,” मिस्त्री म्हणाले. “पण हा स्वतः एकदा आत जाऊन बाहेर आलेला आहे.”

बाईंनी कागदावर शिक्का मारला, आणि नेहमीपेक्षा जरा सावकाश मारला.

त्याच आठवड्यात शाळेतल्या जुन्या शिक्षिकाबाई वारल्या. चर्चच्या त्याच खोलीत मिस्त्रींनी झाकण बसवलं आणि पाच स्क्रू आवळले. मुलीने सवयीने हात पुढे केला. मिस्त्रींनी पेचकस दिला नाही. सहावा स्क्रू लावला, आवळला, आणि अर्धा फेरा मागे घेतला. आता या अर्ध्या फेऱ्यावाचून कोणाचं काही अडणार नाही हे त्यांना कळलं होतं. तरीही ठेवला. येणाऱ्याला, इथलं काम माहितगार माणसाने केलंय आणि त्याची वाट बघत केलंय, एवढं समजलं तरी पुष्कळ.

परतताना हातगाडी ओढत दोघं गल्लीत शिरली तेव्हा मिस्त्री म्हणाले, “तुझ्या आईचा मी गच्च आवळला होता.”

“माहितीये बाबा. मी ऐकलं ना.”

“मग बोलली का नाहीस?”

मुलीने गाडीचा दांडा या हातातून त्या हातात घेतला. “त्या दिवशी तुम्ही आवळला नसता तर मीच आवळला असता,” ती म्हणाली. “मलाही पुन्हा ते सगळं नको होतं.”

मिस्त्री रस्त्यातच थांबले. हा विचार त्यांना आठ महिन्यांत एकदाही शिवला नव्हता. आपल्यासमोर आणखी एक माणूस तितकंच दमून उभं होतं आणि आपण पेचकस खिशात घालून निघून आलो होतो. त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, भुशाने भरलेला, आणि तिनेही तो झटकला नाही. मग म्हणाले, तिला एका हाकेत ऐकू येतं, तुझ्या आईला. मुलगी म्हणाली, हो, आणि आपल्या दोघांना हलवून उठवायला तीच येईल, तुमची झोप मला माहीत आहे.

घरी आल्यावर त्यांची पाठ दुखत होती, गुडघे दुखत होते, आणि अजून दोन पेट्यांच्या फळ्या कापायच्या राहिल्या होत्या. काहीच हलकं झालेलं नव्हतं. मिस्त्रींनी चहा घेतला, मशीन सुरू केलं आणि दोन्ही पेट्यांच्या सगळ्या फळ्या एका दमात कापल्या. मध्ये एकदाही त्यांनी ते बंद केलं नाही.